दार उघडं, पण सातबारा आपल्याच नावावर

पिंपळगाव राजासारख्या गावात लग्नाच्या पंगतीतून काही आईबाप घाईघाईने जेवून उठतात. शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "तुमचं पोट्टं कुठी हाय सध्या?" पुण्याला आहे, कंपनीत आहे, असं काहीबाही सांगून ते हात धुवायला जातात. पोरगं दारूच्या आहारी गेलंय, बोलणं बंद आहे, फोन आलाच तर पैशासाठी येतो, हे चारचौघांत सांगवत नाही. रात्री मात्र एकच प्रश्न झोपू देत नाही : आपलं काय चुकलं?

हा प्रश्न थोरामोठ्यांनाही सुटला नाही. गांधीजी आणि कस्तुरबांचा थोरला मुलगा हरिलाल दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहात वारंवार तुरुंगात गेला. लोक त्याला 'छोटे गांधी' म्हणत. वडिलांनी आपल्याला शिकू दिलं नाही, ही सल घेऊन 1911 मध्ये तो दूर झाला. 1918 च्या साथीत त्याची पत्नी गेली. पुढे धंद्यात अपयश आलं, दारू जडली. अजित दळवींच्या 'गांधी विरुद्ध गांधी' या नाटकामुळे ही कथा मराठी प्रेक्षकांना परिचित आहे.

त्यातली 1925 मधली एक गोष्ट आईबापांनी लक्षात ठेवावी अशी आहे. हरिलालशी संबंधित एका कंपनीत पैसे गुंतवलेल्या माणसाची तक्रार आली. गांधीजींनी ती 'यंग इंडिया'त जाहीरपणे छापली, मुलाच्या व्यवहाराशी आपला संबंध नाही असं सांगितलं आणि मोठ्या नावावर विसंबू नका, असा इशारा दिला. त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलं, की दोषांसकट मुलावर आपली माया आहे आणि तो आला तर त्याला जागा आहे. व्यवहाराला नकार आणि मुलाला होकार, दोन्ही एकाच लेखात.

एवढं करूनही हरिलाल सावरला नाही. फेब्रुवारी 1944 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात असताना तो दारू पिऊन भेटायला आला आणि त्या माउलीने कपाळ बडवून घेतलं. 18 जून 1948 रोजी मुंबईत त्याचा मृत्यू झाला. गांधीजी बाप म्हणून कठोर होते, हे खरं. पण त्याच घरात वाढलेली बाकीची तीन मुलं त्या वाटेने गेली नाहीत, हेही खरं. म्हणून आपली चूक असेल तर लेकराजवळ ती एकदा नीट कबूल करावी. त्याच्या प्रत्येक बाटलीचा दोष मात्र आपल्या माथी घेऊ नये.

आपल्याकडे माया आणि मालमत्ता यांची गल्लत होते. "एवढं वावर नावावर करून द्या, मग सुधारतो" असं पोरगं म्हणतं आणि आई बापाच्या मागे लागते. कर्ज फेडून, वावर देऊन व्यसन सुटत नाही. त्याला आणखी खतपाणी मिळतं. पोटच्या लेकराला भाकर वाढावी, दवाखान्यात सोबत जावं, पण हाती नोटा देऊ नयेत. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करत आहे. मनावरचा ताण असह्य झाला तर 14416 हा सरकारी क्रमांक आहे, ज्येष्ठांसाठी 14567 आहे.

मारहाण होत असेल, घरातून काढलं जात असेल, तर 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केलं आणि सांभाळ झाला नाही, तर ते रद्द करून घेता येतं. असा अर्ज करणारी आई वैरीण होत नाही. मारणारा हात थांबवणं हेही त्या लेकराच्या भल्याचंच आहे.

पोरगं कधी सुधारेल, सुधारेल की नाही, हे आपल्या हाती नाही. तोवर आपलं औषधपाणी, शेगावची वारी, नातवंडांचं कोडकौतुक सोडू नये. घर आणि वावर राखून ठेवणं म्हणजे पोराला नाकारणं नव्हे. उद्या तो शुद्धीवर येऊन परतला, तर त्याला उभं राहायला तीच जागा लागणार आहे.