देवभीरू सुइणी

शास्त्रपाठ : निर्गम १:१५-२१



ज्या अध्यायांत मिसराच्या बलाढ्य राजाचें नांवही सांगितलेलें नाहीं, त्याच अध्यायांत दोन सुइणींचीं नांवें लिहून ठेविलीं आहेत : शिप्रा व पुवा. इब्री स्त्रियांचे पुत्र जन्मतांच मारावे अशी राजाज्ञा होती. परंतु ह्या स्त्रियांनीं राजापेक्षां देवाचें भय अधिक मानिलें, आणि बालकें वांचलीं. देवानेंही त्यांचीं घराणीं वसविलीं. ह्यावरून बाळंतिणीची खोली देवाच्या दृष्टीनें किती मोलाची आहे हें दिसतें. त्या खोलीच्या उंबरठ्यावर आजही एकच प्रश्न उभा आहे : येथें भय कोणाचें चालतें?

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील वाड्यापाड्यांस हा प्रश्न नवा नाहीं. सुनेला दिवस गेले कीं चोहोंकडून बोल येऊं लागतात. ग्रहणांत कांहीं चिरूं नको. पोटभर जेवूं नको, मूल मोठें होऊन अडेल. भगताकडून दाणे पाहून घ्या, अंगारा लावा, दोरा बांधा. सहाव्या रात्रीं सटवी बाळाच्या कपाळीं लेख लिहावयास येते, तिचें चुकवूं नका. बाप्तिस्मा झालेल्या घरांतही ह्यांपैकीं कांहीं गोष्टी मागल्या दारानें शिरतात. म्हणून काय राखावें व काय टाकावें, ह्याचा आपण विचार करूं.

प्रथम, जें प्रीतीनें व उपयोगासाठीं केलें जातें तें राखावें. गर्भारशीला आवडीचें करून घालणें, डोहाळजेवणाला शेजारणींनीं जमून तिचें मन प्रसन्न करणें, बाळंतिणीचें अंग तेलानें हलक्या हातानें चोळणें, तिला ऊन ऊन नागलीची पेज, अळीव, मेथी व डिंकाचे लाडू देणें, ह्यांत पाप तें कोणतें? दयाळू शोमरोन्यानें जखमी मनुष्याच्या घायांवर तेल व द्राक्षारस ओतिला, आणि लूक तर वैद्यच होता. आजीच्या हातचें शहाणपण हेंही देवाचेंच दान आहे. त्याबद्दल उपकारस्तुति करून तें घ्यावें.

दुसरें, जें केवळ भयानें चालतें तें सोडावें. १३९ व्या स्तोत्राचा कर्ता सांगतो कीं, आपण उदरांत घडत होतों तेव्हांच देवानें आपणांस पाहिलें. मग आमच्या लेकराचें कपाळ कोऱ्या पाटीसारखें दुसऱ्या कोणाची वाट कां पाहील? ग्रहण ही एक सावली आहे. ती गर्भाला शिवत नाहीं. परंतु त्या भयानें उपाशी व तहानेली राहिलेली माता मात्र खरोखर अशक्त होते. अर्धपोटीं राहिल्यानें बाळंतपण सुलभ होत नाहीं; मातेचें रक्त कमी होतें व मूल दुबळें उपजतें. आणि फारोनें पुत्र मारविले तसें आज कोणी कन्येला नको म्हणत असेल, किंवा पोटांतील मुलीचा मुलगा करून देतों असें कोणी सांगत असेल, तर इ. स. २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें तसा दावा गुन्हा आहे आणि देवापुढें तो त्याहूनही मोठा अपराध आहे.

तिसरें, जें जीव घेतें तें एक दिवसही ठेवूं नये. नाळेवर शेण किंवा राख लावल्यानें धनुर्वात होऊं शकतो. मातेनें टोंचून घेतल्यानें व नाळ स्वच्छ पात्यानें कापून कोरडी ठेविल्यानें हा रोग इतका हटला कीं, इ. स. २०१५ मध्यें मातांच्या व नवजातांच्या धनुर्वाताचें भारतांत निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें. पहिला पिवळा चीक फेंकूं नये. तो बाळाचें पहिलें औषध आहे व पहिल्या तासांतच पाजावा. वार पडत नाहीं म्हणून नाळ ओढूं नये. कोंडलेल्या खोलींत बाळाला धुरी देऊं नये. आणि सर्वांहून घातक गोष्ट म्हणजे उशीर होय.

आपल्या शेजारच्या कल्याणांत जिचें बालपण गेलें, त्या आनंदीबाई जोशी ह्यांस चौदाव्या वर्षीं पुत्र झाला व तो दहा दिवसांतच वारला. त्या दुःखांतून त्या अमेरिकेस जाऊन इ. स. १८८६ मध्यें डाक्टर झाल्या. आपल्या पूर्वजांची प्रसूतिविद्या हाच त्यांनीं आपल्या प्रबंधाचा विषय घेतला. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरी जुनें समजून घ्यावें आणि जीव वांचविण्यासाठीं अधिक चांगलें शोधावें, हा धडा आम्ही त्यांच्यापासून आनंदानें घेतों.

आतां एक कठीण गोष्ट सांगतों. अंगारा टाकून आम्ही प्रार्थनेचाच अंगारा करूं नये. उशाखालीं शास्त्र ठेवून रक्तस्राव थांबत नाहीं. प्रार्थना करावी आणि गाडीही बोलवावी. हा अविश्वास नव्हे. आशाताईकडे लौकर नांव नोंदवावें, लोहाच्या गोळ्या नेमानें घ्याव्या. जेथें रस्ता नाहीं व पावसांत झोळी करून न्यावें लागतें, तेथील सुनेला दिवस भरण्यापूर्वींच रस्त्यालगतच्या नातलगांकडे ठेवावें. अंगावरून रक्त जाणें, आंचके, तोंडावर सूज येऊन डोकें ठणकणें, ताप, बाळाची हालचाल मंदावणें, ह्यांपैकीं एकही दिसलें तर दाणे पाहण्यांत वेळ न घालवितां १०८ अथवा १०२ ह्या क्रमांकावर कळवून रुग्णालय गांठावें. हें नवऱ्याचें व सासूचें कर्तव्य आहे. कळा देणारीनें तें मागावें अशी वेळ येऊं देऊं नये.

इतकें करूनही एखाद्या घरीं दुःख आलें, तर विश्वास उणा पडला असें कोणीं म्हणूं नये. तेथें आपण जाऊन त्यांच्यासह रडावें.

आणि आपल्या सुईणबाईंचा अपमान करूं नका. अंधाऱ्या रात्रीं ओढा ओलांडून त्या किती जणींसाठीं धांवून गेल्या आहेत! त्यांनीं मातेबरोबर रुग्णालयांत जावें, तिचा हात धरावा, तिला धीर द्यावा. मग शिप्रा व पुवा ह्यांची नांवें आपल्या पाड्यांतही जिवंत राहतील.

जो स्वतः स्त्रीच्या उदरीं जन्मला व गव्हाणींत निजला, तो आपल्या प्रत्येक मातेस व बालकास राखो. आमेन.