तळहातावरचा कांदा

टोपलीतला एक कांदा उचला आणि तळहातावर ठेवा. घाई नको. सुटलेलं साल बोटांना चिकटेल, चिकटू द्या. आता मान दाबून पाहा. ती बारीक आणि कोरडी असेल, तर हा उन्हाळ कांदा, कांदाचाळीत काही महिने टिकणारा. खरिपाच्या लाल कांद्याला एवढा दम नसतो. तो काढला की विकावाच लागतो.

आता मनाने लासलगावच्या बाजार समितीत या. ट्रॉल्यांची रांग लागली आहे, लिलाव पुढे सरकतो आहे. व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन पाहतो, बोली चढते आणि काही क्षणांत थांबते. ट्रॉलीपाशी शेतकरी उभा आहे. भाव त्याने सांगायचा नाही, ऐकायचा आहे. त्याच्याशेजारी थोडा वेळ उभे राहा.

आवक वाढली की भाव पडतो, घटली की चढतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात कात्रीचा दाखला दिला: कागद वरचं पातं कापतं की खालचं? मागणी आणि पुरवठा ही तशीच दोन पाती. पण कांद्यात ही पाती एका वेगाने चालत नाहीत, आणि माझं मन तिथेच अडतं.

आपलं स्वयंपाकघर आठवा. कांदा निम्म्या भावात मिळाला म्हणून आपण दुप्पट खात नाही. महागला तरी फोडणीला लागतोच. म्हणून आवक थोडी जास्त झाली तरी भाव धाडकन कोसळतो. शेताचं पातं त्याहून संथ. आधी रोप टाकायचं, मग लागवड, मग काढणीपर्यंत चारेक महिने. चांगला भाव पाहून एकाने लावला तसा गावोगाव सगळ्यांनी लावला, आणि सगळ्यांचा माल एकदमच बाजारात आला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक आला. या आकड्यापाशी एक श्वास थांबा.

त्याच वर्षी भाव चढले, तेव्हा ८ डिसेंबरला केंद्राने निर्यातबंदी केली. ती मे २०२४ पर्यंत राहिली. पडता भाव शेतकऱ्याने एकट्याने सोसायचा आणि चढता भाव मात्र त्याला मिळू द्यायचा नाही, हा अन्याय आहे.

कांदा टोपलीत परत ठेवा. उद्या भाजीवाल्या मावशींनी भाव सांगितला, की महाग की स्वस्त हे म्हणण्याआधी एवढंच मनात आणा: हा लावला तेव्हा काय भाव होता?