पाचवे कारण

कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे लागतात, असे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे म्हणजे साधने, त्यांच्या निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. इतके असून जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय, असा कठोर अभिप्रायही तेथेच पुढे दिला आहे. वेदान्त्यांनी या श्लोकांवरून आत्म्याचे अकर्तृत्व सिद्ध केले आणि ते यथायोग्यच आहे. परंतु एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात, गोल करवतीच्या मेजापाशी उभे असता मला त्यांचा जो अर्थ उमगला तो पुष्कळ खालच्या पायरीवरचा आहे, आणि शास्त्रीमंडळींची क्षमा मागूनच तो येथे मांडीत आहे.

त्या शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर मी काही वर्षे होतो. करवतीचे पाते २५० मिलिमीटर व्यासाचे; त्याच्यावरचे लोखंडी टोपण मात्र कित्येक दिवस भिंतीतल्या खिळ्याला टांगलेले असे, कारण ते जागेवर बसवले की फळीवर आखलेली रेघ दिसत नाही अशी मुलांची, आणि खरे सांगायचे तर मास्तरांचीही, तक्रार होती. एके दिवशी नववीतला एक मुलगा सागाची फळी उभी चिरीत असता निम्म्यावर वीज गेली. भारनियमनाचे दिवस, कोणाला त्याचे नवल वाटले नाही. पाते हळूहळू थांबले, फळी त्यात अडकून राहिली; ती मागे ओढून काढण्यासाठी मुलाने डावा हात पात्याजवळ नेला, आणि वीज आली. खटका चालूच राहिला होता. तर्जनीचे एक पेर गेले.

चौकशी रीतसर झाली, जाबजबाब घेतले गेले, आणि अहवालाच्या तळाशी शेरा पडला: ‘विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे’. त्याखालच्या सह्यांत माझीही सही आहे. मुलाची आजी भेटायला आली तेव्हा तिने आम्हाला त्याहूनही मोकळे केले. “नशिबात होतं त्याच्या, साहेब, तुम्ही तरी काय करणार?” आम्ही दोष कर्त्यावर टाकला, तिने दैवावर. गीतेच्या गणनेत कर्ता दुसरा आणि दैव पाचवे. मधल्या तिसऱ्या-चौथ्याचा, म्हणजे करणाचा आणि चेष्टेचा, जबाब घेण्याचे कोणालाच सुचले नाही.

घेतला असता तर काय निघाले असते? मिनिटाला २,८८० फेरे घेणाऱ्या अशा पात्याचा दाता सेकंदाला सुमारे ३८ मीटर धावतो. धोका डोळ्यांना दिसून हात मागे येण्यास माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो असे धरले, तरी तेवढ्यात तो दाता साडेसात मीटर जाऊन आलेला असतो. ‘सावध राहा’ हा उपदेश ज्या क्षणी उपयोगी पडायचा, तो क्षण मनुष्यदेहाच्या आटोक्यातलाच नाही. तेव्हा सावधपणा दाखवायचा तो आधी, यंत्र मांडताना. आणि तो मुलाने दाखवायचा नसून यंत्र मांडणाऱ्याने दाखवायचा असतो.

आमचे सुतारमास्तर या मताचे नव्हते. भय हाच खरा गुरू, टोपण घातले की पोर गाफील होते, असे ते म्हणत, आणि चाळीस वर्षे रंधा चालवलेल्या माणसाचे बोलणे मला सहज झटकता येईना. मात्र विचारान्ती असे दिसले की भयाभयांतही भेद आहे. लाकडातली गाठ, उलटा रेषा, चिरताना आवळून येणारी ओली फळी, यांचे भय शिकवणारे आहे. ते बाळगून हात शहाणा होतो. गेलेली वीज अकस्मात परत येण्याच्या भयातून सुतारकामातले काय शिकायचे? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने धोक्याच्या यंत्रांना आडोसा आवश्यक ठरवला आणि पुरेशा शिक्षणावाचून अल्पवयीनाला अशा यंत्रावर लावण्यास मनाई केली. पण तो हुकूम कारखान्यातल्या कामगारासाठी, आणि आमच्या मुलाचे नाव कोणत्याच मस्टरवर नव्हते. वस्तुतः चुकणे हा कामगारापेक्षाही विद्यार्थ्याचा हक्क मोठा, कारण तो चुकण्यासाठीच तेथे आलेला असतो.

पुढे मंजुरी मिळवून जी तजवीज केली ती विशेष खर्चाची नव्हती. पात्यामागे एक पोलादी पट्टी उभी केली, पात्याच्या पत्र्याहून किंचित जाड पण चिरेहून बारीक, म्हणजे चिरलेली फळी मागे मिटून पाते धरीत नाही आणि उसळून मुलाच्या पोटावर येत नाही. टोपण पारदर्शक आणले. रेघ दिसू लागली तसे खिळ्यावरचे जुने टोपण कोणाला आठवेनासे झाले. आणि खटक्याच्या जागी स्टार्टर बसवला. त्यात तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते. वीज आहे तोवर ते लोखंडाला धरून ठेवते, वीज गेली की सोडते, आणि वीज परत आली तरी कोणी हिरवे बटण दाबल्यावाचून पुन्हा धरीत नाही. आजीने ज्याला नशीब म्हटले होते ते त्या मूठभर वेटोळ्यात मावले. दैव उरले नाही असे मी म्हणत नाही; लाकडाच्या पोटात काय आहे हे अजून कोणाला दिसते? पण पाचव्या कारणाचे म्हणून जे काही आम्ही दप्तरात दाखल केले होते, त्यातले किती तिसऱ्याचे होते, हे तो डबा उघडून पाहिल्यावर कळले.

त्यानंतरच्या खंडेनवमीला मुलांनी करवतीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले. आठवड्याने वर्गात गेलो असता पुन्हा वीज गेली आणि पाचसात मिनिटांनी आली. पंखा फिरू लागला, नळीचा दिवा दोनदा लुकलुकून पेटला, शेजारच्या खोलीत कसलासा पंप घरघरला. करवत मात्र निम्मी चिरलेली फळी तोंडात धरून तशीच स्वस्थ. मेजापाशी उभा असलेला एक नवा मुलगा गोंधळून म्हणाला, “मास्तर, मशीन बिघडलं वाटतं.”