जीर्णोद्धार की सुधारणा?

जुनी वस्तू नादुरुस्त झाली असता ती पूर्ववत करावी, की तिच्यातील उणिवा काढून टाकून ती अधिक चांगली करावी, हा प्रश्न वरकरणी कारागिराचा वाटतो. थोडा विचार केला म्हणजे तो नीतीचाही आहे हे ध्यानात येते. सेवानिवृत्तीनंतर जुने स्पीकर दुरुस्त करण्याचा छंद आम्हाला जडला. त्या निमित्ताने या प्रश्नावर जे चिंतन घडले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्पीकरच्या चांगल्या पेटीत खर्जासाठी मोठा वूफर आणि तार स्वरांसाठी लहानसा ट्वीटर असतो. कोणता स्वर कोणाकडे जावा याचे वाटप करणाऱ्या मंडलास क्रॉसओव्हर म्हणतात. त्यात मुख्यतः तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, आणि कपॅसिटर असतात. एडगर विल्चर व हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे स्थापन केलेल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीचा ‘एआर-३ए’ हा स्पीकर उदाहरणादाखल घेऊ. १९६७ मध्ये आलेल्या या पेटीत १२ इंची वूफर, मधल्या स्वरांसाठी एक घुमटाकार स्पीकर आणि तसाच लहान ट्वीटर अशी तीन अंगे होती. स्वरांची वाटणी ५७५ आणि ५,००० हर्ट्झ या दोन ठिकाणी होत असे.

या वाटणीचे काम ज्यांवर अवलंबून असते ते कपॅसिटर अमर नसतात. इलेक्ट्रोलिटिक जातीचे कपॅसिटर काही दशकांत सुकू लागतात, त्यांचे मूल्य ढळते व अंतर्गत रोध वाढतो. पेटीच्या पाठीमागील आवाज कमीजास्त करणाऱ्या खुंट्या गंजतात. परिणामी ट्वीटर मंदावतो, कधी मुका होतो, आणि गाण्यातील चकाकी हरपते. अशा वेळी ‘मूळ आहे तेच राहू द्या’ असा आग्रह धरणारे रसिक आम्हास भेटले आहेत. त्यांची निष्ठा आदरणीय खरी, पण ती चुकीच्या जागी पडली आहे असे आम्हास वाटते. सुकलेला कपॅसिटर हा निर्मात्याचा हेतू नव्हे, तो काळाचा परिणाम होय. त्याचे जतन म्हणजे ऱ्हासाचेच पूजन. येथे दुरुस्ती हे कर्तव्यच ठरते.

खरी अडचण पुढे आहे. आज पॉलिप्रॉपिलीनचे फिल्म कपॅसिटर मिळतात. ते सुकत नाहीत आणि त्यांचा अंतर्गत रोध अत्यल्प असतो. जाड तारेची कॉइलही सहज मिळते. मग उत्साही मंडळी सारा क्रॉसओव्हरच नव्याने बांधतात आणि म्हणतात, ‘मूळ निर्मात्यास हे भाग मिळाले असते, तर त्यानेही हेच वापरले असते.’ हा युक्तिवाद गोड आहे, परंतु तो दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालतो. मूळ कपॅसिटरचा किंचित रोध आणि बारीक तारेचा रोधही निर्मात्याच्या हिशेबात धरलेला असू शकतो. तो रोध काढून टाकला की ट्वीटर थोडा मोठ्याने बोलतो, वूफरचा तोलही बदलतो. म्हणूनच जाणते कारागीर नव्या कपॅसिटरसोबत एक छोटा रोधक मुद्दाम जोडतात. भाग अधिक चांगला म्हणून संपूर्ण वस्तू अधिक चांगली होतेच, असे नाही.

मग जुन्याला हात लावूच नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. खुद्द त्या कंपनीनेच १९५८ मधील ‘एआर-३’मध्ये फेरबदल केले, आणि त्या नव्या रूपास ‘एआर-३ए’ म्हटले. नावापुढे एक अक्षर जोडले. त्या एका अक्षरात आम्हास या प्रश्नाचे उत्तर दिसते. सुधारणेचा अधिकार प्रत्येकास आहे, पण ती सुधारणा स्वतःच्या नावाने करावी, पूर्वसूरींच्या नावावर खपवू नये. शासकीय सेवेत आम्ही हेच शिकलो. आधीच्या अधिकाऱ्याची टिपणी पटली नाही, तर तिच्याखाली आपला अभिप्राय लिहावा, सही व दिनांक घालावा. त्याची टिपणी खोडण्याचा अधिकार कोणासही नसतो.

येथे कोणी तंबोऱ्याचा दाखला देईल. मिरजेचे कारागीर जवारी पुन्हापुन्हा काढतात, त्याची नोंद कोण ठेवतो? परंतु तेथे गायक समोर बसलेला असतो. न रुचल्यास तो पुन्हा काढून घेतो. स्पीकर मात्र पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याने पूर्वीचा आवाज ऐकलेलाच नसतो. त्यास तुलनेचे साधन नाही, म्हणूनच नोंदीची जबाबदारी अधिक. जुनी पट्टी न तोडता अखंड काढून पेटीतच बांधून ठेवावी, नवा क्रॉसओव्हर वेगळ्या पट्टीवर बांधावा, काय बदलले, कोणत्या मूल्याचे घातले आणि केव्हा, हे कागदावर लिहून आत चिकटवावे. विकताना ते स्पष्ट सांगावे. एवढ्याने पुढील मनुष्यास परत फिरण्याची वाट मोकळी राहते.

आमच्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घरांना हा विचार विशेष लागू आहे असे वाटते. सणवार, स्वयंपाक, बोली यांत आम्ही परिस्थितीप्रमाणे बदल केले. ते करणे आवश्यकच होते, आणि त्यांतील कित्येक बदल सुंदरही आहेत. परंतु मुलांना सांगताना आम्ही ‘हे पूर्वापार असेच’ म्हणतो. पूर्वजांनी काय केले आणि आम्ही काय जोडले, हे दोन्ही वेगळे सांगितले, तर पूर्वजांचा मान उणावत नाही. उलट आपल्या पदरचे काही जोडण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, हे पुढच्या पिढीला कळते.