पूजेचें फूल आणि परस्व

जो सद्गृहस्थ रस्त्यांत सांपडलेलें दुसऱ्याचें पाकीट खिशांत घालणार नाहीं, तोच पहाटे शेजाऱ्याच्या कुंपणावरून आकडीनें फांदी वांकवून पिशवीभर जास्वंदीचीं फुलें निःशंक मनानें नेतो. कोणी हटकलेंच तर ‘देवासाठीं घेतों’ एवढें उत्तर त्याला पुरेसें वाटतें. हें उत्तर कितपत टिकतें, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. विषय क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. परंतु मोठ्या चोरीविषयीं मतभेद नसतो. विवेकाची कसोटी लागते ती अशा लहान गोष्टींतच.

प्रथम प्रतिपक्षास न्याय दिला पाहिजे. त्याच्या बाजूस शास्त्र आहे. गाईसाठीं गवत, अग्नीसाठीं इंधन आणि वेलींचीं व वृक्षांचीं फुलें मनुष्यानें आपलींच समजून घ्यावीं, अशी अनुज्ञा गौतमधर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायांत आहे; फळें मात्र कुंपण नसेल तरच घ्यावयाचीं. याज्ञवल्क्यानेंही द्विजाला फुलांविषयीं अशीच मोकळीक दिली आहे. गौतमाचा ‘स्ववत्’ हा शब्द आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. मीमांसकांच्या मतें देवतेस उद्देशून केलेला द्रव्याचा त्याग म्हणजे याग. ज्यावर आपलें स्वत्वच नाहीं, त्याचा त्याग कोणी कसा करावा? म्हणून सूत्रकार जणूं तें फूल आधीं घेणाऱ्याचें करून देतो, आणि मग तें अर्पण करण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो.

निसर्गाची साक्षही याच बाजूची दिसते. जास्वंदीचें फूल सकाळीं उमलतें आणि बहुधा सायंकाळीं मिटून जातें. बागेंतल्या जास्वंदीला बी क्वचितच धरतें. तिचा वंश फांदी लावूनच वाढतो. तेव्हां फूल तोडल्यानें झाडाचें विशेष कांहीं बिघडत नाहीं. पारिजातक तर सांजवेळीं उमलून पहाटे आपण होऊनच फुलें ढाळतो, आणि भुईवर पडलेलें इतर फूल देवास वर्ज्य असतां याचें मात्र चालतें. झाड सत्यभामेच्या अंगणांत आणि सडा रुक्मिणीच्या दारीं, ही कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. फुलाला कुंपण कळत नाहीं, हाच तिचा अर्थ.

इतकें मान्य करूनही आमचें समाधान होत नाहीं. सूत्रकाराच्या दृष्टीपुढें वेली व वृक्ष आहेत. आज पुण्यामुंबईच्या इमारतींत असतात त्या तळमजल्यावरील दारापुढच्या चार कुंड्या. त्यांतल्या मोगऱ्याची कोणा आजीबाईंनीं थंडींत छाटणी केलेली असते, कांहीं दिवस पाणी तोडलेलें असतें, आणि चैत्र-वैशाखाची वाट पाहिलेली असते. अनंताच्या मोजक्या कळ्या त्या रोज निरखीत असतात. त्या कळ्यांसकट कोणी ओरबाडून नेल्या आणि आजींच्या देव्हाऱ्यांत ठेवण्यास एकही फूल उरलें नाहीं, तर एका घरची पूजा दुसऱ्या घरच्या पूजेचा लोप करून झाली, असेंच म्हणावें लागेल.

शिवाय येथें गरजेची सबब चालत नाहीं. गीतेच्या नवव्या अध्यायांत भगवंतांनीं पान, फूल, फळ आणि पाणी यांपैकीं जें भक्तीनें दिलें जाईल तें स्वीकारण्याचें वचन दिलें आहे. ज्याला पाणी चालतें, त्याच्यासाठीं चोरी करण्याचा प्रसंग भक्तावर येतच नाहीं. तेव्हां अशा फुलानें वांचतात ते बाजारांतले चार पैसे, किंवा दुसऱ्याचें दार वाजविण्याचा संकोच. ही आपली सोय आहे. तिला देवाचें नांव देऊं नये.

मात्र धन्याचा दावाही अमर्याद नाहीं. त्यानें पाणी घातलें, खत घातलें. रंग व सुगंध त्यानें घडविलेला नाहीं. ‘फुलें तोडूं नयेत’ अशी पाटी लावणें हा त्याचा हक्क आहे. परंतु मागणाऱ्यास दोन फुलें नाकारून तीं सायंकाळीं झाडावरच सुकूं देणारा मनुष्य हक्कानें निर्दोष असला तरी औदार्यानें दरिद्री होय.

सूत्रकाराचें ‘स्ववत्’ आज सिद्ध होतें तें विचारण्यानें. मागून मिळालेलें एक फूल खरोखर आपलें असतें, म्हणून तें देवाला देतां येतें. आणि देणाऱ्याचाही त्या पूजेंत वांटा राहतो. ज्याला रोजच फुलें हवींत, त्यानें तर फुलाऐवजीं फांदी मागावी. जास्वंद, तगर, मोगरा, अनंत, सर्व फांदीवरून होतात. आषाढांत ती रुजवून पहिल्या कळीची वाट पाहतांना, शेजारच्या कुंडीवर दुसऱ्याचें काय आहे, हें त्याला कोणी सांगावें लागणार नाहीं.