सर्फिंग : उपासना की खेळ?

युरोपीय जहाजे पोहोचण्यापूर्वी हवाई बेटांवर सर्फिंग, म्हणजे फळीवरून लाटेवर स्वार होणे, हा राजापासून कोळ्यापर्यंत सर्वांचा खेळ होता. लांबलचक ‘ओलो’ फळी मात्र सरदारवर्गाची. फळीसाठी झाड तोडण्यापूर्वी त्याच्या मुळाशी कुमू मासा ठेवून प्रार्थना करीत. समुद्र निवांत असला, की किनाऱ्यावरच्या वेलाने पाण्यावर फटके मारून लाटांना बोलावत. कोकणच्या वाळूत पसरणारी मर्यादवेल ती हीच. काहालूऊ येथील कुएमानू मंदिराचा तर या खेळाशीच संबंध होता. लोनो देवाच्या माकाहिकी उत्सवकाळात, सुमारे चार महिने, युद्ध वर्ज्य असे आणि खेळांना ऊत येई.

तरी याला निव्वळ उपासना म्हणता येत नाही. लाटांवर पैजा लागत आणि लोक त्यात होड्याही गमावत. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवणे जिथे निषिद्ध होते, तिथे एकाच लाटेवर मात्र दोघे स्वार होत. पवित्र काय आणि ऐहिक काय, ही वाटणी त्या समाजाने केलेलीच नव्हती.

ती केली १८२० मध्ये आलेल्या अमेरिकी मिशनऱ्यांनी. अर्धनग्नता आणि जुगार त्यांना खपत नव्हता. पण सर्फिंग त्यांनीच बुडवले, ही समजूत अर्धवट आहे. ‘कापू’ ही विधिनिषेधांची व्यवस्था १८१९ मध्येच मोडली होती. राजा दुसरा कामेहामेहा स्त्रियांच्या पंक्तीला बसून जेवला आणि मंदिरे पाडली गेली. त्याहून मोठा घाव बाहेरून आलेल्या रोगांचा. शतकाअखेर मूळ हवाईयन जेमतेम ४० हजार उरले. माणसेच नाहीत, तर लाटेवर जाणार कोण?

विसाव्या शतकात खेळ परतला, तो देवांवाचून. १९०७ मध्ये हवाईच्या जॉर्ज फ्रीथने तो कॅलिफोर्नियात दाखवला. ऑलिंपिक विजेता जलतरणपटू ड्यूक काहानामोकू याने १९१४-१५ च्या उन्हाळ्यात सिडनीकरांना त्याची गोडी लावली. ‘गिजेट’ (१९५९) या चित्रपटाने आणि हलक्या फोमच्या फळ्यांनी तो घरोघर नेला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्येही तो आला.

विधींची भूक मात्र गेली नाही. सहकारी वारला की सर्फर समुद्रात वर्तुळ करून फुले सोडतात. ही प्रथा पुरातन मानली जाते, पण तिचे आजचे रूप विसाव्या शतकातले आहे. भारतात तर कर्नाटकातील मुल्की येथे मूळच्या अमेरिकी वैष्णव संन्याशाच्या आश्रमातूनच सर्फ क्लब उभा राहिला. तिथला दिनक्रम जपाचा आणि लाटांचा. देव मात्र लोनो नव्हे, कृष्ण.