आजारपणाचा भार कोणी उचलायचा?

वॉशिंग्टनला १९१९ साली पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांच्या वतीने ना. म. जोशी तिथे गेले होते. परिषदेने प्रसूतिरक्षणाचा जो करार केला, त्यातली एक तरतूद मला आजही फार दूरदृष्टीची वाटते. बाळंतिणीला स्वतःचे आणि मुलाचे नीट पोषण होईल एवढी रक्कम मिळावी, आणि ती सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून यावी, असे तिथे म्हटले होते. मालकाने आपल्या खिशातून द्यावी, असे नव्हते.

मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी नेमका हाच धागा पकडला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून मुख्य भार सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. मात्र स्त्रीला कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा त्यालाही पूर्ण मोकळे सोडता येणार नाही, असेही त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात १९२९ चा मुंबईचा कायदा झाला तो मालकावर बोजा टाकणारा. पुढच्या काळात गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. नवी यंत्रे आणि बायकांना असलेली रात्रपाळीची बंदी ही त्यामागची मोठी कारणे होती, सगळा दोष या कायद्याला देणे अन्यायाचे होईल. पण बाई ठेवली तर खर्च वाढतो, हा हिशेब मालकाच्या हाती आपणच दिला, हे नाकारता येत नाही.

आजारपणाला तर एवढाही आधार नव्हता. दुखणे लांबले की गिरणी कामगार कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जाई. तिथली तुटपुंजी शेती आणि भाऊबंद हाच त्याचा विमा. ज्याला गाव नव्हते किंवा गावी शेत नव्हते, त्याला सावकार होता.

हे बदलण्याचा आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ च्या अहवालात मांडला. आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगार आणि मालक दोघांनी दरमहा वर्गणी भरायची आणि त्या एकत्र निधीतून आजारपणात पैसे द्यायचे. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती हक्काची. वर्गणी भरलेला माणूस रजेचे पैसे मागताना कोणापुढे हात पसरत नाही. शिवाय कोणत्या कारखान्यात किती बायका आहेत, यावर तिथल्या मालकाचा खर्च ठरत नाही. १९४८ साली कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. आज ईएसआयसाठी पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून घेतले जातात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, क्षयासारख्या ठरावीक दीर्घ आजारांना त्याहून अधिक काळ, आणि बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण वेतन.

पण ही सोय पगाराच्या मर्यादेपर्यंतच. २०१७ पासून ती २१,००० रुपयांवर आहे. तिच्या वरच्या बायकांसाठी १९६१ च्या प्रसूती कायद्याने पुन्हा १९२९ चीच वाट धरली: सगळे पैसे मालकाचे. २०१७ मध्ये रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. वाढ योग्यच होती, पण वाढलेला खर्चही त्याच एका खिशावर पडला. पंधरा माणसांच्या ऑफिसात नुकतेच लग्न झालेली मुलगी मुलाखतीला येते, तेव्हा हा खर्च टेबलावर नसला तरी मनात असतो. निधी समाईक असता, तर तो मनात आला नसता.

आणि घरच्या माणसाची सेवा? तिचे तर नावच या कायद्यांत नाही. ईएसआयच्या दवाखान्यात कामगारावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवर उपचार होतात, पण त्यांच्या उशाशी बसलेल्या मुलाचा किंवा मुलीचा खाडाच पडतो. बापाला मूल झाल्यावरही योजनेतून एक दिवस मिळत नाही. केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस मिळतात, कारखान्यातल्या बापाला काही नाही.

कॅनडाने बेकारी विम्याच्या निधीतून १९७१ मध्ये आजारपण आणि बाळंतपण सांभाळले, १९९० मध्ये दोन्ही पालकांना रजा दिली आणि २००४ मध्ये मरणासन्न नातलगाच्या सेवेसाठी लाभ सुरू केला. आपल्याकडे वर्गणीचे दिवस मोजण्याची सगळी यंत्रणा ईएसआयपाशी तयार आहे. सेवेच्या रजेची सुरुवात सहा आठवड्यांनी झाली तरी चालेल. कॅनडानेही तेवढ्यावरच केली होती.